माशांच्या पेटीला सोड्याचं पाणी

त्या दुष्काळात ह्यांनी मुंबईहून काचेच्या पेटीतून समुद्रातले मासे आणले. नेकनूरला आम्हांला प्यायला टँकर, आणि मासे मिठाच्या पाण्यात डुंबतायत! महिन्याभरात पेटीच्या फिल्टरला असा वास सुटला की सासूबाईंनी बजावलं, "वास जाईना तर पेटी घराभाईर."

मासे मला लई आवडायचे. मी तेव्हा दूध सोसायटीत कॅन धुवायची, म्हणजे स्वच्छतेतलं सगळं ज्ञान माझ्याच पदरात! हे बाहेर पडल्यावर मी फिल्टरचा स्पंज आणि खडे कॅनसारखेच सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढले, उन्हात वाळवले, परत बसवले. वास गायब. मी दिवसभर महाराणीसारखी मिरवले.

दुसऱ्या सकाळी मासे वर येऊन तोंड वासत होते.

"सोड्यात उकळलंस?" हे ओरडले. "अगं, घाण खाणारे जंतू स्पंजातच राहतात! ते मेले, म्हणून पाणी विषारी झालं. तो पेटीतल्याच पाण्यात खंगाळायचा असतो. आता निम्मं पाणी बदलावं लागेल."

घरात पाणी होतं ते फक्त प्यायच्या घागरींत. सासूबाईंकडे बघायची माझी छाती होईना. तर त्याच उठल्या आणि घागरी बादलीत उपड्या केल्या!

"बगतीस काय येड्यावानी? आपला टँकर उद्या येईल. ह्या माशांला उद्या कुठला?"

मी बादली पेटीपाशी ओढली. ह्यांनी पेटीसोबत आणलेल्या पुड्यातलं समुद्राचं मीठ कालवलं. मासे जगले. संध्याकाळी आम्ही तिघं तांब्या घेऊन शेजारणीच्या दारात गेलो, आणि पाणी कशानं संपलं असं तिनं विचारल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "मुंबईचं पाव्हणं आल्यात."