स्टायरोफोमचा रौजा

गणपतीला मी एकदा कबरीत बसवलं. चांगलं वाजतगाजत, अक्षता टाकून, वर मखर किती सुंदर झालंय म्हणून सगळ्यांकडून कौतुक करून घेत. आता नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात आणि मीही त्यांच्यात सामील होते. पण त्या दिवसांत मला घास गिळवत नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीच्या मागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. आमचे हे तिथल्या लॅबमध्ये, मी घरात. आसपासच्या मोजक्या मराठी घरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. मंडळात स्वतःचं घर असलेले एकटे अध्यक्षच, आणि त्या घराला मोठं बेसमेंट. म्हणून गणपती त्यांच्याकडे बसायचा आणि दहाही दिवस संध्याकाळी आम्ही कोशिंबिरीचे नाहीतर शिऱ्याचे डबे मांडीवर धरून गाड्यांतून तिकडे आरतीला जायचो.

त्या वर्षी मखराची चर्चा चालली होती. कुणीतरी म्हणालं, ताजमहाल करू या, कुणी अमेरिकन शेजारी आले तर त्यांनाही ओळखीचा वाटेल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, म्हणजे मला न कळणारं जगात काहीच नव्हतं. मी ताडकन म्हटलं, "अहो, ताजमहाल म्हणजे कबर. बाप्पाला काय कबरीत बसवणार?" सगळे चपापले. सूचना करणारे गृहस्थ तर चहाच्या कपात बघायला लागले. एवढं यश मिळाल्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. मी लगेच जाहीर केलं की आपण विजापूरचा इब्राहिम रौजा करू. महाल आहे, ताजमहालापेक्षा नाजूक आहे, आणि मी तो स्वतः पाहिलेला आहे.

पाहिला होता हे खरं. मिरजेच्या शाळेची सहल विजापूरला गेली तेव्हा मी सहावीत होते. गोलघुमटात धापा टाकत वर गेल्यावर तिथल्या गाइडनं आम्हाला भिंतीला कान लावून उभं केलं आणि स्वतः पार पलीकडच्या बाजूला जाऊन मनगटावरचं घड्याळ भिंतीला टेकवलं. मधे ती भयानक खोल पोकळी, आणि टिकटिक मात्र माझ्या कानातच चाललेली. पुढे बुरुजावरच्या तोफेच्या तोंडात शिरून बसल्याबद्दल बाईंचा धपाटा खाल्ला. रौजापाशी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाई माहिती सांगत होत्या आणि मी मागे मैत्रिणीशी चिंचेच्या गोळ्यावरून भांडत होते. त्यामुळे कानात एक अक्षर गेलं नाही, डोळ्यांत मात्र सगळं गेलं. मधे हौद, दोन बाजूंना समोरासमोर दोन इमारती, काठीसारखे बारीक मिनार, दगडात अक्षरं कोरून केलेल्या जाळ्या, आणि कमळाच्या पाकळ्यांतून वर आलेला घुमट. इतकं देखणं म्हणजे राजवाडाच असणार, असं मी ठरवून टाकलं आणि मोठी झाल्यावरही तेच धरून बसले.

मखराचा हट्ट निव्वळ हौसेचा नव्हता, हेही सांगायला हवं. आदल्या वर्षी माझं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. परदेशात, हिवाळ्यात, जवळ आई नाही. त्यानंतर आता पुन्हा दिवस राहिले होते, तिसरा महिना सरत आला होता, आणि हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, डॉक्टरांकडे जायचं होतं. बाळाचे ठोके ऐकू येतात का ते त्या दिवशी कळणार होतं. मी मनातल्या मनात बाप्पाशी सौदा केला होता: तुझं घर मी माझ्या हातानं बांधते, माझं एवढं तू सांभाळ.

त्यामुळे मी जी भिडले ती भिडलेच. टीव्ही आणि स्टीरिओच्या खोक्यांतला स्टायरोफोम मंडळातल्या सगळ्यांनी आणून दिला. तो कापायला गराज सेलमधून, म्हणजे कुणीतरी दारात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून, टर्की कापायची विजेची सुरी आणली. आमच्यासारख्या शुद्ध शाकाहारी घरात ती सुरी शिरताना ह्यांनी तिला ओवाळू का म्हणून विचारलं. सॅलडच्या मोठ्या वाडग्यावर रविवारच्या पेपरचे तुकडे कणकेच्या खळीनं चिकटवून घुमट केला. जाळ्यांसाठी केकखाली घालतात तो नक्षीचा कागद. पाकळ्या एकेक करून कापल्या. शेवटी सगळ्यावर सोनेरी स्प्रे मारला, आणि स्प्रेनं स्टायरोफोम विरघळतो हे ज्ञान मला उजवीकडचा मिनार माझ्या डोळ्यांदेखत वितळायला लागल्यावर झालं. बाकीचं पुसून वाचवलं, पण तो मिनार वाकला तो वाकलाच.

शुक्रवारी प्रतिष्ठापना झाली. कौतुकाचा पाऊस पडला. फक्त अध्यक्षांच्या आई, ज्या आदल्याच दिवशी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्या चष्मा पुसून मखरासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मिनार वाकडा आहे." जन्मभर शाळेत गाणं शिकवलेल्या बाई, खर्जातला आवाज. मला वाटलं, असतो काहींचा स्वभाव.

रविवारी सकाळी मिरजेला दादाला फोन लावला. तेव्हाचे ते फोन, आपलाच आवाज मागून परत यायचा. मी फुशारकीनं मखराचं वर्णन केलं. दादा म्हणाला की अगं, रौजा म्हणजे कबरच की, तिथला सुलतान आणि त्याच्या घरची माणसं पुरलीयत तिथं. मी म्हटलं, "कबर?" आणि सातासमुद्रांपलीकडून माझाच आवाज परत आला, "कबर?" दादा पुढे हसत काहीतरी सांगत होता. मी रिसीव्हर ठेवून दिला.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, गणपतीला काही फरक पडत नाही, त्याला मोदक मिळाले की झालं. ह्यांचं बरं होतं. गरोदर बाईनं मयताच्या घरी पाऊल टाकू नये असं ऐकत मी वाढलेली, आणि मी तर कबर स्वतःच्या हातानं कापून, चिकटवून, वर पाकळ्या लावून उभी केली होती. तीही नवस बोलून. बरं, आता करणार काय? प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनाशिवाय हलवता येत नाही. सांगून टाकावं तर अर्ध्या बायका तोंडाला पदर लावणार, आणि पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे काही वाईट निघालं असतं तर सगळ्यांना कारण आयतंच मिळालं असतं. सगळ्यांचं सोडा, मला स्वतःलाच मिळालं असतं.

त्याच संध्याकाळी आरतीनंतर मी सहज विचारल्यासारखं त्या आजीबाईंना विचारलं, मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या. त्या म्हणाल्या, विजापूरच्या. मी निरांजन देवापुढे ठेवलं आणि ह्यांना निघू या म्हटलं.

मग मी जे केलं त्याला काय म्हणावं? मी त्या कबरीचं देऊळ करायला घेतलं. सोमवारी घुमटावर पितळी तांब्या आणि नारळ ठेवून कळस केला. मंगळवारी दारावर प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण. बुधवारी पुठ्ठ्याचा ॐ, त्याच मुलखावेगळ्या सोनेरी रंगाचा. गुरुवारी चारही मिनारांना भगव्या क्रेप कागदाचे झेंडे. मावशी रोज खुर्ची ओढून समोर बसायच्या आणि विचारायच्या, "आज काय आणलंयस?" मी म्हणायची, काही नाही, जरा शोभा. त्या मान डोलवायच्या. घरी येऊन मी पोटावर हात ठेवून पडून राहायची. जरा कुठं कळ आल्यासारखी वाटली की अंगाला घाम फुटायचा. आणि कळ येत नाही म्हणूनही भीती वाटायची, कारण आदल्या वर्षीही सगळं असंच शांत होतं.

शुक्रवारी अध्यक्षांची दहा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी टाळ वाजवत होती. इथंच जन्मलेली, मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीत. आरती संपता संपता ती माझ्या कानाशी लागली. "काकू, आजी सेज इन द रिअल वन द किंग इज स्लीपिंग इन द बेसमेंट. लाइक अवर बेसमेंट. इज इट ट्रू?"

 मी मावशींकडे पाहिलं. त्या डोळे मिटून मंत्रपुष्पांजली म्हणत होत्या, एकही उच्चार न चुकता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी त्या गप्प होत्या. का, ते मला कळेना. सर्वांसमोर बोलायला विसर्जनाची वाट बघतायत असं वाटलं. शनिवारी मी डोकं दुखतंय सांगून गेलेच नाही, आणि घरी बसून सगळा वेळ हाच विचार केला की आज तिथं सांगितलं असेल.

रविवारी जावंच लागलं. मागच्या अंगणात मुलांच्या पोहायच्या प्लास्टिकच्या हौदात पाणी भरून विसर्जन झालं. मावशी काही बोलल्या नाहीत. शाडूची मूर्ती विरघळत गेली, मुलं पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडली, मंडळी वर जेवायला गेली. मी एकटी खाली आले. मला ते मखर त्या घरात एक क्षणही राहायला नको होतं. मी झेंडे उपटले, कळस उतरवला, आणि वाकडा मिनार मोडायला गेले तो मोडेचना. वितळलेला भाग दगडासारखा घट्ट झाला होता. तो मिनार दोन्ही हातांनी धरून मी रडायला लागले. सत्तावीस वर्षांची बाई, मिठीत स्टायरोफोमचा मिनार, केसांत भगवा क्रेप कागद. आज तो फोटो कुणाकडे असता तर मी विकत घेतला असता.

जिन्यावर पावलं वाजली. मावशी होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि रोजच्यासारख्या समोर बसल्या. मी सगळं सांगून टाकलं. ताजमहालावरून मिरवलेला शहाणपणा, दादाचा फोन, गेलेलं मूल, आत्ताचं मूल, उद्याचे डॉक्टर. आणि विचारलं की माझ्या हातून झालं ते बाळाला भोवेल का. त्याआधी हेही विचारलं की ठाऊक होतं तर इतके दिवस बोलल्या का नाहीत. त्यावर त्या म्हणाल्या की रोज नवीन काय चिकटवून आणतेस ते बघायची त्यांना मजा वाटत होती, मुलाच्या घरी दुसरी करमणूक काय आहे. हसल्या नाहीत. माझ्या केसांतला कागद मात्र काढला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. मी छताकडे बघत होते. मग कुठूनतरी, पार पलीकडच्या भिंतीवरून यावेत तसे, भराभर ठोके यायला लागले. ती लेक आता स्वतःच दोन मुलांची आई आहे आणि मला सांगते की आई, तू ना उगाच टेन्शन घेतेस.

पण ते सोमवारचं. रविवारी, बेसमेंटमध्ये, ठोके ऐकू येतील की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना, माझ्या हातातला मिनार काढून बाजूला ठेवत मावशी मला म्हणाल्या:

"कबर आहे ते मला बघताक्षणीच कळलं. पण कुणाची आहे ते तुला ठाऊक आहे का? त्या सुलतानाला गाण्याचं वेड. स्वतः पदं रचायचा, अन् त्यांत सरस्वतीला आई म्हणायचा आणि गणपतीला बाप. बाप लेकाच्या घरी दहा दिवस पाहुणा राहून गेला, त्यात रडण्यासारखं काय आहे गं? वर चल, जेवून घे. अन् पुढल्या वर्षी पोराला कडेवर घेऊन ये. फक्त मिनार तेवढा सरळ कर, आमच्या गावाची अब्रू जाते."