काकांची गोळी आणि आमचा गोठा

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. विषय मानसशास्त्र. गावानं त्याचा अर्थ 'वेड्यांचा डॉक्टर' असा लावला, आणि मीही तो फारसा खोडून काढला नाही.

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, अफू खायचे. संध्याकाळी धार काढून झाली की गोठ्याच्या ओट्यावर बसायचं, डबीतून गोळी काढायची, वर गुळाचा चहा. वर्षानुवर्षं हेच. गोळी पोटात गेली की उलट हुशारी यायची आणि भावकीची उणीदुणी सुरू व्हायची.

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाला आम्ही वडीगोद्रीला गेल्तो. डबी बरोबर होतीच. संध्याकाळी मांडवात, पंख्याखाली लोखंडी खुर्चीवर बसून काकांनी रोजच्याएवढीच गोळी घेतली, वर नवरीकडचा चहा. थोड्या वेळानं हाक मारली तर ओ नाही. ओठ निळे, श्वास चालू आहे की नाही ते कळेना. जीपमध्ये घालून अंबडला नेलं, डॉक्टरांनी वाचवलं. तोवर आमच्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं, नवरीवाल्यांनी चहात काहीतरी घातलं.

मी म्हणालो, "चहा न्हाई, जागा. रोज घंटा वाजवून खायला दिलं की पुढं नुसती घंटा ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं ना, तसंच. गोठ्याचा वास आला की काकांचं शरीर गोळीशी झुंजायला आधीच तयार होतं. इथं वास न्हाई, तयारी न्हाई. म्हणून तेवढीच गोळी जास्त झाली."

वडील कडाडले, "चुलता मरून राह्यला अन् हा कुत्र्याचं सांगून राह्यला!"

काकांना मात्र ते पुरतं पटलं. माझ्या पदवीवर घरातल्या कुणी विश्वास ठेवला तो पहिल्यांदाच, आणि तोच मला महागात पडला. माझं लग्न भोकरदनला ठरलं, तेव्हा काकांनी पाहुण्यांना पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडं गोठा हाय का?"

"काका, दुसऱ्याचा गोठा चालत न्हाई. एक दिवस गोळी राहू द्या."

"ती राहत न्हाई. मंग मीच घरी राहतो."

वडील म्हणाले, "माझा भाऊ न्हाई तर लग्न न्हाई."

शेवटी रीत मोडून लग्न आमच्या दारी झालं. गोरज मुहूर्त, मांडव गोठ्याला लागून. नवरीकडचे दोन मास्तर नाकाला रुमाल लावून अक्षता टाकत होते.

"नवरदेव ग्रॅज्युएट हाय म्हणे," एक बाई बोलली.

"दिसून राह्यलं," दुसरी म्हणाली.

काका गोळी घेऊन ओट्यावर बसले होते. मंगलाष्टकं चालू होती आणि मी अंतरपाट सोडून त्यांच्या छातीकडं बघत होतो. वरखाली होत होती, बराबर.

"अहो नवरदेव, समोर बघा की!" कुणीतरी ओरडलं.

ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "बघू द्या त्याला. शिकलेला हाय. कुत्रं राखून राह्यला."