आग लावायची परमिशन

सेफ्टीवाल्या माणसाकडे किस्से कसे साचतात, सांगू? बाकीचे लोक घरी जाऊन साइटवर काय घडलं ते सांगतात. आम्ही काय घडलं असतं ते सांगतो! घडलेल्या गोष्टी मोजक्या असतात, न घडलेल्यांना तोटा नाही. माझी बायको म्हणते, "तुमच्या एकाही गोष्टीत शेवटी काही होत नाही." मी म्हणतो, "अगं, तेच तर माझं काम आहे!"

एका गोष्टीत मात्र झालं. ती शेवटी सांगतो.

राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नव्या शेडचं काम होतं. कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, आणि जो काही मिळेल तो घ्यायलाही आठ-आठ दिवस रांग. सरकारी खरेदी जिनिंगच्याच आवारात, त्यामुळे फाटकाबाहेर बैलबंड्या एकीमागे एक उभ्या. आत घराएवढी कापसाची गंजी. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, फाटकाच्या अलीकडे, आम्ही लोखंड कापत होतो! ही जागा ज्यानं निवडली त्याला झोप लागत असेल, मला लागत नव्हती. घरी मी गॅसचं बटन तीनदा तपासायचो. चौथ्यांदा बायको उठू द्यायची नाही.

•

वेल्डिंग-कटिंग सुरू करण्याआधी मी जागा बघायची आणि एका फॉर्मवर सही करायची, असा नियम. फॉर्मचं इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसेना. आमचा मुकादम अंबादास. त्यानं त्याचं स्वतःपुरतं मराठी केलं आणि रोज सकाळी साइटच्या मधोमध उभा राहून ओरडायला लागला, "साहेब, आग लावायची परमिशन द्या!"

सही करायला पेन उघडलं की आधी गंजीकडे नजर जायची.

एकदा हे रांगेतल्या एका शेतकऱ्यानं ऐकलं. बिचारा धावतच आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, एवढी माही बंडी काट्यावर जाऊ द्या, मंग लावा!"

•

आमचे वेल्डर सलीमभाई, मूळचे वणीचे. हात असा की टाक्यावरून बोट फिरवलं तरी जोड कळू नये. पण काळी काच काही केल्या लावायचे नाहीत. टाका मारताना डोळे मिटायचे, संपला की उघडायचे. संध्याकाळी डोळे टोमॅटोसारखे लाल. मग घरी बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं.

मी नवीकोरी काच आणून दिली. त्यांनी ती खिळ्याला टांगली. "वीस वर्षं झाले साहेब, आता डोळ्याले सवय झाली."

एक दिवस सलीमभाई घाईघाईनं आले. "साहेब, ते काच कुठी गेली?"

मला केवढा आनंद! म्हटलं, चला, माणूस सुधारला. खिळ्यावरची काच स्वतः पुसून हातात दिली. पाच मिनिटांनी बाहेर येऊन बघतो, तर सलीमभाई मोकळ्या जागेत आभाळाकडे तोंड करून उभे, डोळ्यांवर काच, आणि मागे पंधरा माणसांची लाइन.

"ग्रहण हाये ना साहेब! नुसत्या डोळ्यानं पाह्यलं तं डोळे जातात!"

ती काच सूर्याला पुरते की नाही, ही मला नवीन काळजी.

•

दसऱ्याला अवजारांची पूजा. त्या सकाळी पोचायला मला जरा उशीर झाला. बघतो तर कटिंगचे दोन्ही सिलिंडर, एक ऑक्सिजनचा आणि एक गॅसचा, शेजारी शेजारी उभे. गळ्यात झेंडूचे हार. पुढे पाट, पाटावर तेलाचा दिवा, उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला. आणि अंबादास तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेऊन नेमका ऑक्सिजनच्या तोंडाला लावायला निघालेला!

दाबातल्या ऑक्सिजनला तेल लागलं तर भडका उडायला काडीचीसुद्धा गरज नसते. मी असा किंचाळलो की अंबादासच्या दुसऱ्या हातातला पूजेचा नारळ खाली पडून आपोआप फुटला.

"हात मागे घे! आणि तो दिवा विझवा आधी!"

कोणी हलेना. दसऱ्याच्या दिवशी पूजेचा दिवा फुंकायचा? एवढ्या लोकांत एकही तयार नाही. खरं सांगतो, मीही नव्हतो.

शेवटी सलीमभाईंनी ढकलगाडी आणली. हारांसकट दोन्ही सिलिंडर चढवले आणि पार पलीकडच्या भिंतीला नेऊन उभे केले. तिथून ओरडून विचारलं, "साहेब, देव आणि दिव्याच्या मधात एवढं चालन ना?"

•

अंबादासच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुण्यांसाठी पाण्याचा ड्रम पाहिजे. रंगात मिसळायच्या थिनरचा एक ड्रम संपलेला, तो यानं मागून घेतला आणि झाकण कापायला सलीमभाईंकडे नेला. मी पोचलो तेव्हा सलीमभाईंच्या हातात टॉर्च पेटलेली, निळी ज्योत सूं करतेय आणि अंबादास ड्रमला मिठी मारून बसलाय, हलू नये म्हणून!

आधी टॉर्च बंद करवली, मगच तोंड उघडलं.

"अरे, थिनरचा ड्रम आहे तो!"

"रिकामा हाये साहेब! उलटा करून पाह्यला, थेंब नाही."

मी त्याला समजावलं. आत वाफ कोंडलेली असते. काठोकाठ भरलेल्या ड्रमात तिला जागा नसते, रिकाम्यात जागाच जागा. ज्योत लागली की बॉम्बसारखा फुटतो. म्हणून भरल्यापेक्षा रिकामा ड्रम वाईट. अंबादासनं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि सलीमभाईंकडे वळला.

"साहेबाचं बरोबर हाये भाऊ. आमच्या घरीबी रिकामा माणूसच लवकर भडकते."

पाण्यासाठी शेवटी भाड्यानं टाकी आणली. लग्नाला मी गेलतो. जेवताना दोनदा उठून चुलीजवळ काय काय ठेवलंय ते बघून आलो.

•

आता देवराव.

काम संपलं की आग सुरू होते, हे माझं पेटंट वाक्य. ठिणगी कुठेतरी पडते, गुपचूप धुमसते आणि माणसं जेवायला गेली की पेटते. म्हणून वेल्डिंग चालू असताना आणि थांबल्यावरही अर्धा तास, एक माणूस पाण्याची बादली आणि ओली पोती घेऊन बसलाच पाहिजे. या कामाला माणूस टिकेना. नुसतं बसायचं कोणाला आवडतं?

देवराव टिकले, कारण त्यांना नाहीतरी बसायचंच होतं! त्यांची बंडी रांगेत होती. वर्षाचा सगळा कापूस तिच्यात. चार दिवस बैलांजवळ बसून काढले आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे आले. "रांगेत बसून काय करू साहेब? द्या काही काम."

मी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. पहिली, वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही. दुसरी, अर्धा तास झाल्याशिवाय उठायचं नाही. देवरावांनी एक घमेलं पालथं घातलं आणि सलीमभाईंकडे चक्क पाठ करून बसले.

"देवराव, पहारा कशाचा करताय?"

"आगीचा."

"मग तोंड तिकडे काहून?"

"तुम्हीच म्हणले ना, वेल्डिंगकडे पाहू नका!"

सगळे हसले, मीही हसलो. मग देवराव हळूच म्हणाले, "आन् साहेब, ठिणगी तिकडे निंगते, पण आग तं इकडे लागन ना? माही बंडी इकडे हाये."

ठिणग्या अडवायला आम्ही पत्र्याचा आडोसा बांधला होता, आणि फाटकापर्यंतची रांग त्याला अगदी खेटून लागली होती. ती हलवा म्हणून मी दारोदार फिरलो होतो. जिनिंगवाले म्हणाले, रांग आमची नाही. खरेदीवाले म्हणाले, पत्रा आमचा नाही.

देवरावांजवळ घड्याळ नव्हतं. अर्ध्या तासात चारदा विचारायचे, "साहेब, किती मिनिटं राह्यले?" अंबादास वैतागून म्हणायचा, "याले एक घड्याळ घेऊन द्या हो!" आणि मधेच रांगेत ओरड झाली, "हालली रे हालली!" की देवराव उठायचे. "तुम्ही बसा साहेब, मी बंडी सरकवून येतो." मग त्या घमेल्यावर मी बसायचो. सेफ्टी सुपरवायझर! पण बसायचो.

•

त्या दिवशी सलीमभाई वर चढून जुन्या छपराची लोखंडी कैची कापत होते. वारा होता. सही करताना मी दोनदा थांबलो. पण अंबादासनं घाई लावली, ठेकेदाराचा निरोप होता. पत्रे आणखी वर बांधून घेतले आणि केली सही.

दुपारी कटिंग थांबलं. देवराव घमेल्यावर बसले. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, तोच फाटकावरून आवाज आला, "चला, देवराव! बंडी घ्या काट्यावर!"

नववा दिवस होता. देवराव उठले, पुन्हा थबकले. "अर्धा तास नाही झाला साहेब."

"जा हो देवराव, मी बसतो!"

त्यांनी बैल जुंपले. मी त्यांच्या जागी, त्यांच्यासारखंच, वेल्डिंगला पाठ करून बसलो. बंडी हलली. तिला वारा लागला. आणि मागच्या अंगाला, पांढऱ्याशुभ्र कापसातून, उदबत्तीएवढी धुराची रेघ निघाली.

कापूस वरून पांढराच दिसतो. आत किती वेळ जळत होता कोण जाणे.

"देवराव!" मी धावत सुटलो. देवरावांनी वळून पाहिलं. पुढे दहा पावलांवर फाटक, फाटकाच्या आत गंजी. मागे पन्नास-साठ बंड्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. बैलांची शेपटी पिरगाळली आणि बंडी रांगेबाहेर काढून, आमच्या साइटवर बांधकामाच्या पाण्याचा मोठा खड्डा होता, त्याच्या काठावर नेली. बैल सोडले, लांब हाकलले. मग मी, सलीमभाई, अंबादास, सगळ्यांनी खांदा लावला आणि बंडी पाण्यात उलटी केली.

पडता पडता कापूस फुटला आणि आतून जाळ उसळला. सलीमभाईंच्या भुवया गेल्या. मग नुसता धूर, आणि पाण्यावर काळा-पांढरा लगदा.

बैल वाचले. गंजी वाचली. रांग वाचली. कापूस मूठभरसुद्धा राहिला नाही.

सलीमभाई खाली बसून रडायला लागले. त्यांना कोणी काही बोललं नव्हतं. मला रडूही येईना. सही माझी होती. देवरावांकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

फाटकावरून पुन्हा हाक आली, "चला, पुढची बंडी!" रांग एक बंडी पुढे सरकली.

देवरावांनी खड्ड्यावर हातपाय धुतले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि चालत आडोशाला आले. मी धावताना लवंडलेली बादली भरून आणली. घमेलं उचललं, फिरवून ठेवलं आणि पहिल्यांदाच आमच्या कैचीकडे तोंड करून बसले.

"साहेब, माहे किती मिनिटं राह्यले?"