गप्प राहण्याचा फुटाणा

लाल विंचू चावला, तरी माझी नात ओरडली नाही. पाय सुजत होता आणि ती ओठ मिटून, शिकवायला येणाऱ्या बाईपुढे हात पसरून उभी होती.

आम्ही बोललेलंच ही पोर दिवसभर पुन्हा पुन्हा घोकायची. ते कमी करायला बाई राहुरीहून एसटीने यायची. पोर घोकू लागली की बाई भिंतीकडे तोंड फिरवायची, गप्प झाली की फुटाणा द्यायची. पोरीला मुकी करते की काय, असा मला पहिल्यापासून संशय होता.

त्या दिवशीही बाईने आधी फुटाणाच दिला.

“आगं, पोर मरतीय आन् फुटाणं कसलं वाटती?”

“कबूल केलंय, आजी. फसवलं तर ती पुन्हा माझं ऐकायची नाही हं.”

मग पोरीला पाठुंगळी घेऊन ती दवाखान्याकडे धावली.

नात वाचली, एवढं खरं.