डाग्नीमावशीची जमीन

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आमचं ग्रुंडविक समुद्रातून वर येतं आहे. दहा वर्षांत जेमतेम चार-पाच बोटं, पण येतं. आजोबा जिथे होड्या बांधायचे तिथे आता माझ्या गाई चरतात. दर पिढीने समुद्रामागे धावायचं आणि नवा धक्का बांधायचा, हाच आमचा इतिहास आणि हाच भूगोल.

डाग्नीमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, गोगलगायीच्या चालीने वर येणाऱ्या या जमिनीकडे जन्मभर डोळे लावून बसली. तिचा सहा वर्षांचा रूनार वसंतातल्या कच्च्या बर्फातून खाडीत गेला. त्याच रात्री वादळाने सगळा बर्फ फोडून टाकला. गळ टाकून टाकून शोधलं, पण टोपी तेवढी सापडली. तेव्हा तिथे छातीभर पाणी होतं. मावशी म्हणायची, "जमीन वर येईल तसा तोही येईल. मग नीट पुरून क्रूस लावीन." पुढे गाळ साचला, लव्हाळी माजली, पाणी मांडीपर्यंत उतरलं. मावशी मात्र त्याआधीच म्हातारी झाली.

गेल्या उन्हाळ्यात धक्का पुन्हा कोरडा पडला. होड्यांना नवी वाट खणायची तर ती त्या लव्हाळीतूनच. गावाच्या सभेत विषय निघाला तसे सगळे आपापल्या कपांत बघू लागले. मच्छीमारांचा पुढारी हेल्गे, एरवी मेला तोंडाळ, तोही खाली मान घालून कॉफी ढवळत होता.

शेवटी मावशीच म्हणाली, "काय रे हेल्गे, साखर विरघळली की नाही अजून? खणा की! होड्या काय चुलीत घालणार?"

"पण डाग्नीमावशी, रूनार..." हेल्गे पुटपुटला.

"चिखल लांब नेऊन टाकू नका. माझ्या घराच्या बाजूला टाका. एवढंच."

खणायचं यंत्र चालू होतं तोवर ती रोज काठावर खुर्ची टाकून बसली. काही सापडलं नाही. मला वेड्याला उगाच आशा होती. काळ्या चिखलाचा ढीग तेवढा उरला.

यंत्र गेलं तशी मावशी गमबूट चढवून ढिगात शिरली.

"अगं रुतशील! चिखल जरा सुकू तरी दे!" मी ओरडलो.

"वाट बघणं पुरे झालं. फावडं आण."

तिने खिशातून रूनारची लोकरीची टोपी काढली. टोपीपुरता खड्डा मी खणला.

मावशीने वाकून तो वितीने मापला.

"अजून लांब कर रे," ती म्हणाली. "पाय पसरून झोपायचा तो."