डिकीतली वायर

हे मी अजून कुणाकडेच बोललो नाही. सुजाताकडे — माझ्या बायकोकडे — सुद्धा नाही, आणि तिच्यापाशी मी तशा बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी कबूल करून बसलोय. आईकडे तर बोलणं शक्यच नाही. आता तुमच्यासमोर बसलोय, तर सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

गाडी पप्पांची. ते विदर्भातले, सरकारी नोकरीच्या बदलीवर पुण्यात आले आणि विश्रांतवाडीतच राहिले. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गाडी घेतली, आमच्या अख्ख्या नात्यातली पहिली नवी कोरी गाडी. आणि घेतली तीही टॉप मॉडेल, कारण तिच्यात कंपनीनेच बसवलेली चांगली साउंड सिस्टिम होती. डिकीत एक सबवूफर, म्हणजे खालचे जड ठोके वाजवणारा मोठा स्पीकर, आणि सीटखाली त्याला ताकद देणारा छोटासा अॅम्प्लिफायर. शोरूममधल्या पोराने 'सबवूफर, सबवूफर' लावलं तेव्हा पप्पांना काहीच कळलं नाही. मग त्याने कॅसेट लावली. मागून ढोलकीचा खालचा ठोका असा आला की पप्पा मागे वळून बघायला लागले. "कोणी बसलंय की काय रे मागे?" म्हणाले, आणि हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी फारसं बघितलं नव्हतं.

भीमगीतांचं त्यांना वेड होतं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते ती गाडी घेऊन नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. स्वतः चालवत. शेजारी आई, मागे आत्या, आणि सगळा रस्ता गाणी. शब्द सगळे पाठ. वाटेतली गावं पाठ, कुठल्या गावात कोण नातेवाईक राहतो तेही पाठ. आमच्या घरात पप्पांचं डोकं म्हणजे — कसं सांगू — ज्याला जे आठवत नसेल त्याने पप्पांना विचारायचं.

आणि माणूस कमालीचा जपून वागणारा. गाडीचं दार लावल्यावर दोन पावलं पुढे जाऊन परत यायचे आणि ते ओढून बघायचे. हे लक्षात राहू द्या. मी तेव्हा ठेवलं नाही.

गाडी जुनी झाली तशी सबवूफरची कड कुजली. ढोलकी वाजली की तेलाचा डबा बडवल्यासारखं व्हायचं. पप्पा काही बोलले नाहीत, नुसता आवाज कमी करायला लागले. मी तोवर हिंजवडीत नोकरीला लागलो होतो, इंटरनेटवरच्या फोरमवर रात्रंदिवस गाड्यांच्या साउंडबद्दल वाचत होतो. म्हटलं, पप्पांना मोठा सबवूफर आणि नवा अॅम्प बसवून देऊ. वाढदिवसाची भेट. खरं तर — आता खरंच बोलायचं ठरवलंय तर — हौस माझी होती, वाढदिवस त्यांचा.

बुधवार पेठेत माल घेतला. दुकानदार म्हणाला, गाडी आणा, बसवून देतो. मी म्हटलं, मी इंजिनियर आहे, माझा मी बसवीन. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. "बसवा की. आमचं दुकान काही कुठे जात नाही."

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सीट उचलून, कार्पेट उलटून बसलो. बॅटरीपासून डिकीतल्या नव्या अॅम्पपर्यंत जाड केबल ओढली, मध्ये फ्यूज घातला, सगळं पुस्तकात असतं तसं. राहिली एक बारीक वायर. ती अॅम्पला सांगते की टेप चालू झाला, आता तू जागा हो. टेप बंद झाला, झोप. ही वायर टेपच्या मागून आणावी लागते. त्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागणार होता. ऊन तापलं होतं, खाली सोसायटीतली माणसं जमली होती, पप्पा खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, आत्तापुरती ही बॅटरीवरच जोडू, वाजवून तर दाखवू, नीट जोडणी नंतर करू. जोडली. गाणं लावलं. ढोलकीने पार्किंगचे पत्रे थरथरले. पप्पा म्हणाले, "गाणं ऐकायचंय की बिल्डिंग पाडायचीय?" पण डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी कार्पेट अंथरलं, सीट बसवली.

नंतर? नंतर काही नाही. नंतर करायचं ते मी विसरलो. विसरलो मी — हा शब्द नीट ऐका, कारण पुढे तो दुसऱ्याच माणसाला चिकटणार आहे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. गाडी बंद करून किल्ली काढली तरी तो अॅम्प जागाच राहायचा आणि बॅटरी पीत बसायचा. रोज गाडी फिरली तर कळायचं नाही. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा आई म्हणाली, लाइट चालू ठेवला असेल तुम्ही. पप्पा म्हणाले, "मी?" एवढंच. शेजाऱ्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. पुन्हा झालं तेव्हा बॅटरी बदलली. नव्या बॅटरीने थोडे दिवस लाज राखली आणि मग परत तेच. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "होतं पप्पा असं. वय होतं माणसाचं." मला शंका आली नाही का? खरंच नाही आली? मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय. आली असेल तर मी ती बघितली नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाकडे माणूस शंकेने बघत नाही.

मग प्रज्ञाचा साखरपुडा आला. प्रज्ञा म्हणजे आत्याची मुलगी. आत्या लोणी काळभोरला राहते, हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर. पप्पा मामा, घरातले वडीलधारे. बुद्धवंदना त्यांनीच घ्यायची. ते आधीच दोन दिवस मदतीला म्हणून गाडी घेऊन लोणीला गेले. गाडी आत्याच्या दारात उभी राहिली. नवऱ्या मुलीला आपल्या गाडीतून हॉलवर आणायचं, गाणी लावून, ही त्यांची केवढी हौस!

आम्ही येरवड्याच्या हॉलवर वाट बघतोय. मुलाकडची मंडळी येऊन बसलेली. फोन आला — गाडी सेल्फ घेत नाही. अख्ख्या गल्लीने धक्का मारला तरी नाही. शेवटी कुणाच्या तरी मालवाहू टेम्पोत, मागे सतरंजी टाकून, प्रज्ञा शालू सांभाळत आली. केस विस्कटलेले, आत्याचा चेहरा रडवेला. मुलाच्या काकांनी घड्याळाकडे बघत विचारलं, काय झालं एवढं? आणि मी — कुणी मला विचारलं नव्हतं — मी पुढे होऊन हसत म्हणालो, "अहो, आमच्या पप्पांना हल्ली लाइट बंद करायचं लक्षात राहत नाही. गाडी त्यांच्या हातात द्यायलाच नको आता."

सगळे हसले. ताण सैल झाला. मला वाटलं, मी प्रसंग सावरला.

पप्पांनी चष्मा काढून पुसला. मग वंदना घ्यायला उभे राहिले. लहानपणापासून रोज म्हटलेली वंदना. पंचशील घेताना ते मध्येच थांबले. चौथं शील. खोटं बोलणार नाही असं जे म्हणतात, ते. त्यांना आठवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मदत मागितल्यासारखं, आणि मी ती ओळ म्हटली. माझ्यामागून सगळ्यांनी म्हटली. सुजाता माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पांना डॉक्टरकडे दाखवायला हवं रे."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गाडी आणायला लोणीला गेलो. आत्याच्या यजमानांनी शेजारचा ट्रॅक्टर आणून लावला, केबलने त्याची बॅटरी आमच्या बॅटरीला जोडली. गाडी चालू करण्याआधी मी काहीतरी घ्यायला डिकी उघडली. किल्ली माझ्या हातात होती. गाडी बंद. टेप बंद. आणि अॅम्पवरचा बारका हिरवा दिवा जळत होता.

मला एका क्षणात सगळं कळलं. इंजिनियर आहे मी.

आत्याचे यजमान मागे उभे होते. "काय रं? काय सापडलं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "लाइटच राहिला होता."

"वाटलंच. म्हातारपण हाय, चालायचंच."

ते ट्रॅक्टरकडे वळले तेव्हा मी ती बारीक वायर ओढून काढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. किती सोपं होतं! घरी पोचलो तर पप्पा दारातच उभे. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडेच. कुणाच्या अंगावर घालीन एखाद्या दिवशी." आई म्हणाली, बरं झालं, मीच म्हणणार होते. मी किल्ली खिशात घातली.

पुढच्या आठवड्यात मी डॅशबोर्ड उघडून ती वायर नीट जोडली. मग गाडी कधीच बंद पडली नाही. सगळ्यांना वाटलं, बघा, चालवणारा बदलला की कशी चालते.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? मीही म्हणतो. आधी लाज वाटली. आठवडाभर थांबू म्हटलं, साखरपुड्याची चर्चा विरू दे. मग — हे सांगणं सगळ्यात अवघड आहे — मला गाडीची सवय झाली. हिंजवडीला कंपनीच्या बसऐवजी गाडीने जायला लागलो. मागे तो सबवूफर, माझी गाणी. खरं सांगितलं असतं तर किल्ली परत द्यावी लागली असती. एवढंच होतं ते. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

पप्पांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, म्हणाले, उत्तम आहे सगळं, माझ्यापेक्षा तुमचं डोकं चांगलं चालतंय. पप्पा बाहेर येऊन म्हणाले, "मुलासमोर कसे सांगतील ते?" गॅसचं बटन पुन्हापुन्हा बघायला लागले. बाहेर पडताना कुलूप आईला लावायला सांगायचे. विहारात वंदना घ्यायला कुणी बोलावलं की, तरुणांना सांगा, म्हणायचे. कुणी नातेवाइकाचं नाव विचारलं तर आधी आईकडे बघायचे, मग बोलायचे — आणि बरोबरच बोलायचे, दरवेळी. नागपूरला एकदा मी गाडीने घेऊन गेलो त्यांना. मागे बसले होते. गाणी लावू का विचारलं तर नको म्हणाले, तुझं लक्ष विचलित होईल. त्यानंतर गेले नाहीत.

आता जे सांगायचं म्हणून इतका वेळ घालवला ते सांगतो. कारण इथवर जे सांगितलं ते नुसतं गप्प राहणं होतं. गप्प राहणाऱ्याला निदान पळवाट असते.

एका दुपारी मी घरी होतो. पप्पा गॅलरीत बसले होते, मी शेजारी. आई आत झोपलेली. रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "तुला एक विचारू? तू लोणीला गाडी आणायला गेला होतास. तेव्हा लाइटचं बटन तू स्वतः बघितलंस का? चालूच होतं?"

मीही रस्त्याकडे बघायला लागलो.

"मला आठवतंय ना, मी बंद केलं होतं. हात आठवतो माझा बटनावरचा. रोज आठवतो. पण तसं असेल तर मग... म्हणून विचारलं. तू बघितलं असशील तर सांग."

किती नीट विचारलं होतं त्यांनी! नुसतं सांगायचं होतं. आम्ही दोघंच होतो. ते रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, किल्ली घेऊन खाली गेले असते. आणि मी काय म्हणालो?

"हो पप्पा. चालूच होतं. मीच बंद केलं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे आठवतंय असं वाटतं तेही खरं नसतं माझं."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. कुठलीच जुनी गोष्ट ते मग खात्रीने सांगत नसत. 'असं मला वाटतं बुवा,' म्हणून सोडून द्यायचे. बऱ्याच वर्षांनी हृदयाच्या झटक्याने गेले. आदल्या संध्याकाळी आत्याशी फोनवर बोलताना त्यांनी प्रज्ञाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली होती, विषयवार. डोकं शेवटपर्यंत जागच्या जागी होतं. हे फक्त मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

गाडी पुढे भंगारात गेली. आम्ही सगळे जमलो की प्रज्ञा टेम्पोतून आल्याची गोष्ट अजून रंगवून सांगते, आणि सगळे हसतात. मायेनेच हसतात. परवा माझ्या मुलाने त्याच्या आजीला विचारलं, आजोबा कसे होते गं? आई म्हणाली, "फार हुशार होते रे. शेवटी शेवटी तेवढं विसरायला लागले होते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना रे?"

मी हो म्हणालो.