मातीची तपासणी

साहेबांनी उभी हयात दुसऱ्यांची कामं तपासण्यात घालवली. निवृत्त होऊन गावाबाहेरच्या बागेत राहायला आले, तरी सवय काही सुटली नाही. बी पेरलं की दोन दिवसांत उकरून कोंब आलाय का बघायचे, नाही दिसला की पुन्हा पुरायचे. अर्थातच काही उगवायचं नाही. मग "ही मातीच कामचुकार!" असा शेरा मारून मोकळे!

यंदा ते शहरात मुलाकडे राहायला गेले आणि ऐन थंडीत परतले. फाटक उघडलं आणि बघतच राहिले. मटार शेंगांनी लगडलेला, गाजरांची पात हिरवीगार.

"काय केलंस तरी काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पाणी घातलं आणि गप्प बसले."

"बघ! मी दम देऊन गेलो होतो, म्हणून धाक राहिला मातीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली. साहेब मफलर गुंडाळून वाफ्यात उकिडवे बसले होते. एकेक कोवळं गाजर उपटायचं, डोळ्यांसमोर धरून निरखायचं आणि परत मातीत खोचायचं, असं चाललेलं.

ती आल्या पावली आत वळली आणि मुलाला फोन लावला.

"अरे, बाबांना परत बोलावून घे. नातवंडं रडतायत म्हणून सांग. निदान माझी गाजरं होईपर्यंत तरी!"